कोपऱ्यावर कटर का मोडतो?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तयार झालेले एखादे ऑइल इंजिन तुमच्या आजोबांच्या विहिरीवर कदाचित असेल. अशा इंजिनावर भार वाढला, की ते क्षणभर मंदावते आणि लगेच सावरते. ही करामत गव्हर्नरची. गती घटली, की त्याची फिरती वजने आत येतात आणि इंजिनाला जास्त तेल मिळते. हा गव्हर्नर ध्यानात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

आता शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या टूलरूममध्ये जाऊ. मोटारीचे भाग घडविण्याचे साचे पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड केलेल्या पोलादाचे असतात. पूर्वी साचा बहुतेक मऊ असतानाच कोरीत व मग त्याला पाणी देत. पण त्यात तो थोडा वेडावाकडा होई. आता कठीण झालेले पोलादच मिलिंग मशीनवर भरवेगाने कोरता येते. त्यासाठी लागणारा कार्बाइडचा कटर अतिशय कठीण, पण ठिसूळ असतो. वाकण्याऐवजी तो मोडतो.

थोडे गणित करू. १० मिलीमीटर व्यासाचा, चार दातांचा कटर मिनिटाला ६००० फेरे घेतो. प्रत्येक दाताने ०.०५ मिलीमीटर पुढे सरकायचे ठरविले, तर कटरची चाल ०.०५ × ४ × ६००० = १२०० मिलीमीटर दर मिनिटास, म्हणजे सेकंदाला २० मिलीमीटर झाली. या चालीला कारखान्यात ‘फीड’ म्हणतात. त्याच एका सेकंदात पोलादावर दातांचे ४०० घाव बसतात!

सरळ भिंतीलगत सारे सुरळीत चालते. अडचण येते ती कोपऱ्यात. कागदावर काटकोन काढा. त्याच्या आत, दोन्ही बाजूंना समांतर आणि थोड्या अंतरावर, आणखी दोन रेषा काढा. मधली पट्टी म्हणजे कापायचा धातू. आता एक नाणे बाहेरच्या रेषेला टेकवून कोपऱ्याकडे सरकवा. मागची पट्टी कापून झाली असे समजा. नाण्याच्या कडेचा किती भाग उरलेल्या पट्टीत आहे? आपल्या कटरला अर्धा मिलीमीटर धातू काढायचा असेल, तर सरळ भागात तो सुमारे २६ अंशांत कापतो. कोपऱ्यात त्यात ९० अंशांची भर पडते, म्हणजे ११६ अंश! चार दात ९० अंशांवर असल्याने आता कधी कधी दोन दात एकदम धातूत असतात. भार एकाएकी चढतो आणि कटर तुटतो.

मग सगळीकडेच फीड कमी का ठेवू नये? वेळ वाया जातो, हे खरे. पण त्याहून वाईट म्हणजे फीड फारच कमी झाले, तर दात धातू कापण्याऐवजी नुसता घासतो. एरवी बरीचशी उष्णता छिलक्याबरोबर निघून जाते. घासताना छिलकाच नीट निघत नाही आणि दाताची धार जाते. जपून चालणाराही येथे गोत्यात येतो.

जुना कारागीर फीडच्या बटणावर हात ठेवून मशीनच्या आवाजाकडे कान लावतो. आवाज जाड झाला, की बटण मागे फिरवतो. मला या कानाचे फार कौतुक वाटते. परंतु ऐकून हात हलायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात कटर ४ मिलीमीटर पुढे जातो आणि ८० घाव बसून जातात.

येथे आपला गव्हर्नर येतो. कटर फिरविणाऱ्या मोटारीवर भार वाढला, की ती जास्त वीज ओढते. नियंत्रक ती सतत मोजतो, ठरविलेल्या मर्यादेशी ताडून पाहतो आणि फीड कमीजास्त करतो. घासणे सुरू होऊ नये म्हणून फीडला खालचीही मर्यादा घातलेली असते. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकातच असे मिलिंग मशीन चालवून पाहिले होते.

नियंत्रक फार उतावळा असला तरी पंचाईत होते. भार जरा वाढला की तो फीड एकदम पाडतो, मग एकदम चढवतो. बिघडलेल्या गव्हर्नरचे इंजिन असेच सारखे चढउतार करत राहते, हे तुम्ही ऐकले असेल. उलट तो सुस्त असेल, तर बटणावरच्या हातात आणि त्याच्यात फरक काय राहिला?

शेवटचा नाजूक हात फिरविताना मात्र हा उपाय लंगडा पडतो. बारीक कटरचा भार इतका थोडा असतो, की मोटारीच्या स्वतःच्या घर्षणात तो हरवून जातो. तेथे भार मोजत बसण्याऐवजी कोपरा कोठे येणार हे संगणकावर आधीच काढतात आणि कटर तेथे पोहोचण्यापूर्वीच फीड उतरवतात.