पासवर्ड कोठे टाकावा? – ब्राउझरमध्ये की गेमच्या लाँचरमध्ये



या पानावर एरवी आम्ही बेणेप्रक्रिया, खोडवा आणि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे, आणि तो सभासदांच्याच घरातून आला आहे.

गेल्या गळीत हंगामात एक सभासद सकाळीच आमच्या गट कार्यालयात आले. तोडणीची तक्रार असेल असे आम्हांस वाटले. ते म्हणाले, "साहेब, उसाचं काही नाही. पोराचा गेम गेला तर गेला, पण आता माझ्या ईमेलमध्ये कुणीतरी शिरलंय."

चौकशी केली. मुलगा बारावीत आहे, कॉम्प्युटरवर गेम खेळतो. मित्राच्या नावाने त्याला निरोप आला, 'आमच्या टीमला मत दे.' सोबतची लिंक त्याने दाबली, लॉगिनची खिडकी उघडली. त्याने पासवर्ड टाकला, मोबाईलवर आलेला कोडही टाकला. तासाभरात खाते दुसऱ्याच्या ताब्यात गेले. वडील रागावतील म्हणून पोरगा दोन दिवस गप्प बसला. घरच्या ईमेललाही तोच पासवर्ड होता. बँकेची पत्रे त्याच ईमेलवर येतात आणि उसाचे बिल त्याच बँकेत जमा होते. सुदैवाने पैसे वाचले आणि ईमेलही परत मिळाले.

जाताना त्या सभासदांनी विचारले, "ब्राउझरमध्ये न टाकता लाँचरमध्ये पासवर्ड टाकला असता तर वाचला असता का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

लाँचर म्हणजे काय?

कॉम्प्युटरवरचे बरेच गेम स्टीम, एपिक गेम्स अशा एका ॲपमधून सुरू होतात. त्या ॲपला लाँचर म्हणतात. गेम विकत घेणे, उतरवून घेणे, चालू करणे हे सर्व त्यातून होते. ब्राउझर म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, एज यांसारखे वेबसाइट पाहण्याचे साधन. लॉगिन दोन्हीकडून करता येते. फरक आहे तो पडताळा घेण्यात.

काट्याचा आकडा समोर दिसला पाहिजे

आपली गाडी काट्यावर चढली की आपण प्रथम आकड्याकडे पाहतो. आकडा भिंतीआड असेल तर काटा खरा असूनही मनाला खात्री वाटत नाही. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत वेबसाइटचा पत्ता दिसतो, तो आपला आकडा होय. पासवर्ड कोणाच्या हाती देतो आहोत हे तेथे वाचता येते. लाँचरच्या पोटातील लॉगिनच्या खिडकीला बहुधा अशी पट्टी नसते. तेथे सगळी भिस्त ॲपच्या खरेपणावर राहते.

लाँचर मूळ कंपनीच्या वेबसाइटवरून घेतला असेल आणि खातेही त्याच कंपनीचे असेल, तर त्यात पासवर्ड टाकण्यास हरकत नाही. धोका दोन ठिकाणी आहे. पहिला, 'फुकट गेम' म्हणून कोठून तरी आणलेला बनावट लाँचर. दुसरा, लाँचरच्या आतल्या खिडकीत गूगल किंवा फेसबुकसारख्या दुसऱ्याच खात्याचा पासवर्ड टाकणे. आतल्या खिडकीत जे टाइप होते ते त्या ॲपला वाचता येऊ शकते.

सात-बारा नको, स्लिप द्या

तोडणी झाल्यावर आपण गाडीवानाच्या हाती स्लिप देतो, सात-बारा देत नाही. स्लिपवर त्या खेपेचा ऊस कारखान्यात जातो, पण त्या स्लिपवर कोणी रान विकू शकत नाही. लॉगिनची चांगली पद्धत अशीच आहे. लाँचर आपला नेहमीचा ब्राउझर उघडून देतो. पासवर्ड आपण तेथे, खऱ्या वेबसाइटवर टाकतो. ब्राउझर लाँचरला एक तात्पुरता कोड परत देतो आणि त्यावर लाँचरला 'टोकन' मिळते. टोकन म्हणजे स्लिप, पासवर्ड म्हणजे सात-बारा. लाँचरला पासवर्ड कळतच नाही.

ही पद्धत आमच्या मनची नव्हे. ॲपच्या पोटातील खिडकीतून अशा परवानग्या घेणे बंद करणार असल्याचे गूगलने २०१६ साली जाहीर केले. ऑक्टोबर २०१७ मध्ये आरएफसी ८२५२ हे इंटरनेटचे तांत्रिक मार्गदर्शक निघाले. ॲपने परवानगीसाठी आतली खिडकी न वापरता बाहेरचा ब्राउझर वापरावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

मग ब्राउझर निर्धोक का?

नाही. त्या मुलाने पासवर्ड ब्राउझरमध्येच टाकला होता. तेथे फसवणूक दोन प्रकारे होते.

पहिला प्रकार चित्रातल्या खिडकीचा. ठकसेन आपल्या पानावरच एक नकली लॉगिन खिडकी रंगवतो. तिला पट्टी असते आणि पट्टीत खरा पत्ताही लिहिलेला असतो, पण सगळे चित्र! स्टीम खेळणाऱ्यांना याच युक्तीने फसवले जात असल्याचे ग्रुप-आयबी या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ साली दाखवून दिले. ओळखण्याची खूण सोपी आहे. कॉम्प्युटरवर ती खिडकी माऊसने धरून ब्राउझरच्या चौकटीबाहेर ओढून पाहावी. खरी असेल तर बाहेर येते, चित्र असेल तर कडेला अडते.

दुसरा प्रकार आत शिरलेल्या किडीचा. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्ट गेमच्या काही मॉडमध्ये, म्हणजे जोडण्यांमध्ये, 'फ्रॅक्च्युरायझर' नावाचा घातक प्रोग्राम सापडला. तो ब्राउझरमध्ये साठवलेली माहितीही चोरी आणि माइनक्राफ्टच्या खात्याचे टोकनही. काणीचे बेणे एकदा रानात आले की सरी कोणती हे रोग पाहत नाही, तसेच हे आहे. कॉम्प्युटरच बाधित झाला तर ब्राउझर आणि लाँचर दोन्ही सारखेच.

लाँचरचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. तो आपण स्वतःच्या हाताने उघडतो, निरोपातल्या लिंकने नव्हे. सबब त्या सभासदांना आमचे उत्तर असे : त्या दिवशी मुलाने निरोप बाजूला ठेवून स्वतः उघडलेल्या खऱ्या लाँचरमध्येच लॉगिन केले असते, तर तो वाचला असता. स्वतः पत्ता टाकून ब्राउझरमध्ये केले असते, तरीही वाचला असता. घात झाला तो दुसऱ्याने उघडून दिलेल्या दारात शिरल्याने.

सभासदांनी घरात पाळावयाच्या गोष्टी

१) निरोपातील लिंकवरून आलेल्या खिडकीत पासवर्ड टाकू नये. पत्ता स्वतः टाइप करावा किंवा जतन केलेल्या खुणेवरून उघडावा.

२) पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. शेजारचे कुलपाचे चिन्ह पाहून भुलू नये. वाट सुरक्षित आहे एवढेच ते सांगते. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असे सांगत नाही.

३) ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड गेमला कधीही देऊ नये. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड असावा. ते लक्षात ठेवण्यास पासवर्ड मॅनेजर वापरावा. पत्ता जुळला नाही तर तो पासवर्ड आपोआप भरत नाही, हीच धोक्याची सूचना समजावी.

४) दोन टप्प्यांचे लॉगिन सुरू ठेवावे. स्टीमने 'स्टीम गार्ड' २०११ सालीच आणले आहे. तथापि मोबाईलवरील कोड नकली पानावर टाकला तर त्याचा उपयोग नाही. जेथे 'पासकी'ची सोय आहे तेथे ती घ्यावी. ती खऱ्या पत्त्याशी बांधलेली असल्याने नकली पानावर चालत नाही.

५) लाँचर मूळ वेबसाइटवरूनच घ्यावा. 'क्रॅक' केलेले गेम घरात आणू नयेत.

६) खाते गेल्याचा संशय येताच दुसऱ्या, स्वच्छ मोबाईलवरून आधी ईमेलचा आणि मग गेमचा पासवर्ड बदलावा. 'सर्व ठिकाणांहून लॉगआउट' करावे, नाहीतर चोराकडची जुनी स्लिप चालूच राहू शकते. पैसे गेले असल्यास लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी.

शेवटचे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. पोराने चूक सांगितली तर आधी ओरडू नका. त्या घरी वाया गेले ते दोन दिवस केवळ भीतीपोटी गेले. उसावर कीड दिसताच जो शेतकरी त्याच दिवशी आमच्याकडे येतो, त्याचे पीक वाचण्याचा संभव अधिक असतो. पासवर्डचेही तसेच आहे. पोराला एवढेच सांगा, "चुकलं तर चुकलं, पण लगेच सांग."

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग