आठ दिवसांचं अंतराळ, एकतीस वर्षांचं उड्डाण

जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले आणि ‘अंतराळवीर व्हायचं तर अकरावीला काय घ्यायचं?’ हा प्रश्न घराघरांत गंभीरपणे विचारला जाऊ लागला. भोपाळमधली मराठी घरंही त्याला अपवाद नाहीत. मुलांच्या डोळ्यांत हे स्वप्न आलं ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण पालकांनी त्याचं कोष्टक मांडायला घेण्याआधी एका माणसाचं आयुष्य नीट पाहावं, असं मला वाटतं. शुक्लांच्या आधी ४१ वर्षं अंतराळात जाऊन आलेले राकेश शर्मा, हा तो माणूस. त्यांच्या आयुष्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: अंतराळवीर हा पेशा कुणाला निवडता येत नाही. निवडता येतो तो त्याच्या पायाशी असलेला पेशा, आणि तो असा निवडावा लागतो की अंतराळ कधीच वाट्याला आलं नाही तरी आयुष्य भरून पावावं.

शर्मा यांचा जन्म १९४९ चा, पतियाळाचा. शिक्षण हैदराबादला झालं. युरी गागारिन अंतराळात गेले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. १९६६ मध्ये ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले, तेव्हा इस्रोची स्थापनाही व्हायची होती. ती झाली १९६९ मध्ये. म्हणजे कुठल्याही मार्गदर्शकाने त्यांना ‘अंतराळवीर हो’ असा सल्ला देणं शक्यच नव्हतं. ते लढाऊ वैमानिक व्हायला गेले आणि झाले. १९७० मध्ये हवाई दलात अधिकारी, पुढच्याच वर्षीच्या भारत-पाक युद्धात मिग-२१ मधून २१ लढाऊ उड्डाणं, आणि नंतर चाचणी वैमानिक. हा शेवटचा टप्पा पालकांना सहसा माहीत नसतो, म्हणून जरा थांबून सांगतो. चाचणी वैमानिक नुसता धाडसी असून भागत नाही. नवं किंवा दुरुस्त केलेलं विमान कोणत्या वेगाला, कोणत्या उंचीवर, कोणत्या वळणाला कसं वागतं हे त्याने उडवून पाहायचं, प्रत्येक निरीक्षण मोजून लिहायचं, आणि खाली उतरल्यावर अभियंत्यांशी त्यांच्या भाषेत बोलायचं. थोडक्यात, त्याच्या अंगी वैमानिकाचा हात आणि अभियंत्याचं डोकं दोन्ही लागतं. १९८२ मध्ये सोव्हिएत संघाच्या मोहिमेसाठी भारताने शर्मा आणि रवीश मल्होत्रा यांची निवड केली, तेव्हा दोघंही चाचणी वैमानिक होते. गगनयान या भारताच्या स्वतःच्या मानवी अंतराळमोहिमेसाठी निवडलेले शुक्ला, प्रशांत नायर, अजित कृष्णन आणि अंगद प्रताप हे चौघेही चाचणी वैमानिकच आहेत. इतक्या वर्षांत तंत्रज्ञान पार बदललं, निवडीचा हा निकष मात्र टिकला.

मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत रशियन भाषा शिकण्यापासून तयारी करून शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी बैकानूरहून सोयुझ टी-११ मधून निघाले आणि सॅल्यूत-७ स्थानकात राहून ११ एप्रिलला परतले. एकूण ७ दिवस, २१ तास, ४० मिनिटं. त्यांना अशोकचक्र मिळालं, ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सन्मान मिळाला, देशभर सत्कार झाले. करिअरच्या दृष्टीने मला महत्त्वाचा वाटतो तो मात्र यानंतरचा भाग. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. त्या आठ दिवसांच्या कीर्तीवर उरलेलं आयुष्य काढणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी पुन्हा विमानच हाती धरलं. १९८७ मध्ये ते हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये आले आणि १९९२ पर्यंत नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात मुख्य चाचणी वैमानिक होते. पुढे बेंगळुरूला तेच काम केलं आणि २००१ मध्ये उड्डाणातून निवृत्त झाले. १९७० ते २००१ हा सारा काळ जमेस धरला तर एकतीस वर्षांचं उड्डाण आणि त्यात जेमतेम आठ दिवसांचं अंतराळ, असा हिशेब निघतो. ते आठ दिवस वजा केले तरी जे उरतं ते पूर्ण, भरीव आणि देशाच्या उपयोगी पडलेलं आयुष्य आहे.

ज्यांच्या वाट्याला ते दिवस आलेच नाहीत त्यांच्याकडे पाहिलं तर हे अधिक पटेल. मल्होत्रा यांनी शर्मांइतकंच प्रशिक्षण घेतलं. ते राखीव होते, म्हणून जमिनीवर राहिले, आणि पुढे एअर कमोडोर पदापर्यंत गेले. इस्रोने अमेरिकी अंतराळयानातून पाठवण्यासाठी पी. राधाकृष्णन आणि एन. सी. भट यांना निवडलं होतं. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान कोसळून सात जणांचा मृत्यू झाला आणि भारतीयाचं ते उड्डाण रद्द झालं. निवड होऊनही, कसलाही दोष नसताना, संधी गेली. पण दोघंही मुळात इस्रोचे तंत्रज्ञ होते. त्यांचं काम त्या उड्डाणावर अवलंबून नव्हतं. आपल्या मुलाच्या पायाखाली अशीच जमीन असावी, एवढंच माझं पालकांना सांगणं आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: ध्येय उंच ठेवलं नाही तर मूल ढिलं पडेल. त्यात तथ्य आहे, आणि स्वप्न काढून घ्या असं मी म्हणतही नाही. पण नासाच्या २०२१ च्या निवडीत बारा हजारांहून अधिक अर्जांतून दहा जण घेतले गेले. वगळलेल्या हजारोंमध्ये उत्तम डॉक्टर, अभियंते, वैमानिक होते आणि निवड न झाल्याने ते कमी ठरले नाहीत. स्वप्न भिंतीवर असू द्या, पण रोजचं मोजमाप पायाशी असलेल्या पेशाचं करा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काळ बदलला, २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय, अशी उद्दिष्टं जाहीर झाली आहेत, मग जागा वाढणार नाहीत का? वाढतील, अशी मलाही आशा आहे. मात्र आज दहावीत असलेलं मूल २०४० मध्ये तिशीच्या आसपास असेल, आणि शर्मा ३५ व्या वर्षी गेले, शुक्ला ३९ व्या. मधली सगळी वर्षं काहीतरी दुसरं उत्तम करण्यातच जाणार आहेत.

ते दुसरं म्हणजे फक्त हवाई दलच, असं मात्र समजू नये. शर्मा पोहोचले तेव्हा सॅल्यूत-७ वर एकूण सहा माणसं होती. लिओनिद किझिम आणि युरी मालिशेव वैमानिक होते, व्लादिमीर सोलोव्योव आणि गेन्नादी स्त्रेकालोव अभियंते, आणि ओलेग आत्कोव चक्क हृदयरोगतज्ज्ञ. स्थानक जसं दीर्घकाळ चालू लागतं तसे वैमानिकांच्या जोडीला यंत्र दुरुस्त करणारे आणि शरीर समजणारे लोक लागतात. ज्या मुलीला जीवशास्त्र आवडतं तिला केवळ अंतराळासाठी बळजबरीने गणिताकडे ढकलण्याचं कारण नाही. मुलाचा ओढा अभियांत्रिकीकडे असेल तर तिरुवनंतपुरमच्या अंतराळ विज्ञान संस्थेत जेईई ॲडव्हान्स्डमधून प्रवेश मिळतो; आणि भोपाळमध्ये तर अभियांत्रिकीसाठी मॅनिट आणि विज्ञानासाठी आयसर या दोन्ही संस्था घराजवळ आहेत. उलट ‘अंतराळवीर प्रशिक्षण’ अशा नावाने भरमसाट शुल्क घेणाऱ्या शिबिरांवर पैसे घालण्याआधी पालकांनी विचार करावा. मुलाचं कुतूहल वाढत असेल तर जरूर पाठवावं, पण आजवर ज्यांची निवड झाली त्यांची अशा प्रमाणपत्रावर झालेली नाही.

ज्यांना वैमानिकाचाच मार्ग हवा आहे त्यांच्या पालकांच्या मनात खरी भीती वेगळीच असते: जिवाची. ती खोटी आहे असं सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. लढाऊ विमान उडवण्यात धोका आहे, चाचणी उड्डाणात तर आहेच, आणि तो प्रशिक्षणाने कमी होतो, संपत नाही. म्हणूनच हा निर्णय मुलाचा स्वतःचा असावा, आईवडिलांच्या हौसेचा नसावा. पैशाची चिंता मात्र इथे कमी आहे. प्रबोधिनीतल्या तीन वर्षांचा प्रशिक्षणाचा खर्च सरकार उचलतं. २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश आहे आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि साडेसोळा ते साडेएकोणीस ही वयोमर्यादा आहे. हवाई दलासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र तिन्ही हवेत. त्यामुळे अकरावीचे विषय ठरवण्याआधीच डोळे, रंगांची ओळख, उंची आणि पायांची लांबी यांची तपासणी करून घ्यावी. दोन वर्षं क्लास लावून शेवटी वैद्यकीय चाचणीत अडकणं मुलाला फार लागतं.

लेखी परीक्षेनंतरच्या निवड मंडळाबद्दल भोपाळच्या घरांत एक गोंधळ दिसतो. शहरात सेवा निवड मंडळं आहेत, पण ती लष्कर आणि नौदलाची. हवाई दलाचं बोलावणं डेहराडून, वाराणसी, म्हैसूर, गांधीनगर अशा ठिकाणचं येतं. पाच दिवस चालणाऱ्या या मुलाखतीत पाठांतराचा उपयोग नसतो. अनोळखी मुलांच्या गटात मूल कसं बोलतं, दुसऱ्याचं ऐकतं का, अडचण आल्यावर काय सुचवतं, हे पाहिलं जातं. त्याची तयारी महिन्याभराच्या वर्गात होत नाही. शाळेच्या मैदानावर, गिर्यारोहणात, एनसीसीत आणि घरच्या जेवणाच्या गप्पांत होते. संगणकावरची वैमानिक कल चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते आणि त्यात नापास झालेल्याला उड्डाण शाखेचा दरवाजा कायमचा बंद होतो. हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखा, लष्कर आणि नौदल मात्र खुले राहतात, आणि अभियांत्रिकी किंवा विज्ञानाच्या पदवीसाठी तेच गणित, तेच भौतिकशास्त्र कामी येतं. मुलाला त्या चाचणीला पाठवण्याआधी हे पर्याय त्याच्यासमोर मांडून ठेवा, म्हणजे नकार आला तर घरी परतल्यावर काय करायचं हे त्याला आधीच ठाऊक असेल.