गणपतीचा कान

जव्हार, वैशाख

चि. भाच्यास,

सैन्यभरतीची तयारी चालवली आहेस हे कळलं. ताई म्हणाली, त्याच दिवशी रंगांचा डबा माळ्यावर फेकलास. बोहाड्याच्या रात्री सोंगं नाचताना गर्दीत तुझ्या गणपतीच्या मुखवट्याचा कान तुटला, तो राग अजून उतरलेला दिसत नाही.

भरतीला जरूर उतर. पण फौजी झालं की रंग सोडावे लागतात, हे तुला कुणी सांगितलं?

रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी. 1844 साली कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला नेमलं. लेण्यांतला अंधार, वटवाघळं, भोवती जंगल, आणि हा गडी वर्षानुवर्षं मोठाल्या कॅनव्हासवर तैलरंगात भिंती उतरवत बसला. (लोकांना त्याच्या प्रेयसीची, पारोचीच गोष्ट ठाऊक. ती 1856 साली गेली, अजिंठा गावात तिची कबर आहे. बाकीचे रंग सिनेमाने भरले.) गिलची चित्रं लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली आणि 1866 च्या डिसेंबरात तिथल्या आगीत बहुतेक सगळी जळाली. गिल तेव्हा बासष्ट वर्षांचा. त्याने पुन्हा कुंचला उचलला. तुझा तर कानच तुटलाय!

1872 पासून जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स साहेब तिथले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. छतांवरची कमळं, वेली, पक्षी त्यांनी फार सुंदर उतरवले. पण चित्रं उठून दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर वॉर्निश फासलं, आणि भिंती काळवंडल्या. हे मुद्दाम लिहितोय. मुखवटा चकचकीत करायचा तुझा सोस मला माहीत आहे. टेंभ्याच्या उजेडात चकाकी डोळ्यांवर येते, देवाचा चेहरा दिसत नाही.

आणि आपल्याकडे एका माणसाचं एका धंद्यावर कधी भागलंय? तुझे आजोबा पावसात नागली-वरई करायचे, होळीनंतर सोंगं रंगवायचे. लगद्याचा हात वेगळा नि नांगराचा वेगळा, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

तुटलेला कान मी फडक्यात बांधून ठेवलाय. कागद भिजत घातलाय, डिंक घरात आहे. रविवारी सकाळचं धावणं आमच्या घराच्या दिशेने कर. येताना माळ्यावरचा डबा घेऊन ये.

तुझा,
मामा