बातमी छापून येत नाही? आधी आपली वही काढा

माल खपला नाही की बाजाराला दोष द्यायचा आणि बातमी छापून आली नाही की वार्ताहराला, ही आम्हा कापडवाल्यांची जुनी खोड. ‘आपले कोण ऐकतो?’ म्हणत आम्हीही कित्येक वर्षे काढली.

डोळे उघडले डिसेंबर २०२१ मध्ये. कापड आणि स्वस्त तयार कपड्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ५ टक्क्यांवरून १२ टक्के होणार होता. आम्ही असोसिएशनच्या लेटरहेडवर ‘तीव्र निषेध’ असे दोन पानी निवेदन अकरा वर्तमानपत्रांना धाडले. एक ओळही आली नाही. ३१ डिसेंबरला जीएसटी कौन्सिलने ती वाढ पुढे ढकलली. त्यात आमच्या निवेदनाचा काडीचाही वाटा नव्हता.

पुढे एका उपसंपादकाला चहाला बसवून विचारले. तो म्हणाला, “शेठ, निषेध रोज ढीगभर येतात. दुकानदाराचे बिल कितीने वाढेल, ते तुम्ही कुठे लिहिलेत?” खरेच होते. २०,००० रुपयांच्या मालाचे बिल २१,००० ऐवजी २२,४०० झाले असते. कॉम्पोझिशनमधल्या छोट्या दुकानदाराला तर भरलेला कर वजाही मिळत नाही. हा हिसाब आमच्या तोंडपाठ, पण कागदावर नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही तगाद्याच्या वहीसारखी बातमीची वही घातली. तारीख, कोणाला पाठवले, विषय एका ओळीत, उत्तर काय आले, आणि पुढच्या वेळी काय बदलायचे. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि लिहायला सर्वांत जिवावर येतो, कारण तिथे चूक आपलीच निघते. पहिल्या सहा नोंदींतून कळले की चार कागद भलत्याच माणसाकडे गेले होते : बाजाराची बातमी गुन्ह्यांच्या वार्ताहराला! उरलेले दोन रात्री आठनंतर पोचले, तोवर पाने लागत आलेली. सातव्या वेळी एकच पान लिहिले, पहिल्या ओळीत आकडा, खाली फोनवर बोलायला तयार असलेल्या यंत्रमागवाल्याचे नाव. आतल्या पानावर बारा ओळी आल्या. एका बातमीत ‘हजारो माग बंद’ लिहिले होते. वार्ताहराने पुरावा मागितला, आमच्याकडे नव्हता. रकान्यात लिहिले : ‘मोजले नाही, तर लिहू नये.’

फोन दोन दिवसांनी एकदाच करावा, तोही दुपारच्या आत. आणि ईदच्या ड्रेसपीसबरोबर बातमी पाठवू नये. वार्ताहराला संकोच होतो आणि बातमीचा वजन जातो तो वेगळाच.

आता वहीत चाळीसच्या वर नोंदी आहेत, छापून आल्या नऊ. गेल्या महिन्यात सुताचा भाव विचारायला एका वार्ताहराने आपणहून फोन केला. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला असतो. आमचे पान जानेवारीच्या मध्याला तयार ठेवायचे, असे शेवटच्या रकान्यात लिहून ठेवले आहे.