सौर पंपाची जागा व उन्हाचा हक्क

विहिरीवर सौर पंप बसविताना पाण्याचा अंदाज काळजीपूर्वक घेतला जातो. उन्हाचा मात्र क्वचितच घेतला जातो. सौर पॅनेलमधील घट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज तिच्या मानाने पुष्कळच अधिक घटते आणि ऐन रब्बीत पाणी कमी पडते.

आपल्याकडे पॅनेलचे तोंड दक्षिणेस ठेवतात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्या वेळी मध्य महाराष्ट्रात १० मीटर उंच झाडाची सावली भर दुपारी सुमारे ९ मीटर, तर सकाळी ९ व दुपारी ३ च्या सुमारास सुमारे १८ मीटर पडते. यास्तव आग्नेयेपासून नैर्ऋत्येपर्यंतच्या झाडांपासून, त्यांच्या पूर्ण वाढीच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडावे.

पुढे शेजाऱ्याने आपल्या हद्दीत झाड लावले तर? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे, इमारतीस २० वर्षे निर्वेधपणे मिळालेल्या उजेडाचा हक्क वहिवाटीने प्राप्त होऊ शकतो. परंतु कलम १७ अन्वये मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेडाचा हक्क तसा मिळत नाही. म्हणून बांधालगत पॅनेल उभारणे भागच असेल, तर उंच झाड अथवा बांधकाम न करण्याविषयी शेजाऱ्याशी लेखी करार करावा व तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पायाचे खड्डे खणण्यापूर्वीच ही गोष्ट शेतकरी बंधूंच्या ध्यानी आणून द्यावी.