मणिभवन आणि वरच्या मजल्याचा प्रश्न
ऐतिहासिक वास्तूतील संग्रहालयाच्या सर्वांसाठी सुलभ भेटीचे नियोजन

संग्रहालय हे लोकशिक्षणाचे एक प्रभावी साधन होय. मोठ्या शहरांतील भव्य संग्रहालयांबरोबरच थोर पुरुषांच्या वास्तव्याने पुनीत झालेली लहान घरेही आज संग्रहालये म्हणून जतन केली जात आहेत. मात्र ही घरे मुळात राहण्यासाठी बांधली गेली होती, प्रेक्षकांसाठी नव्हे. उंच जोते, दारातील उंबरठा व अरुंद जिना ही त्यांची ओळख. चाकाच्या खुर्चीवरून येणारी व्यक्ती, काठीच्या आधाराने चालणारे आजोबा किंवा दृष्टिहीन विद्यार्थी यांच्यासाठी हीच ओळख अडसर ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. यात वार्धक्याने थकलेल्यांची भर घातली, म्हणजे हा प्रश्न मूठभरांचा नाही, हे ध्यानी येईल.

एक उदाहरण : मणिभवन

मुंबईतील गावदेवी भागात, लॅबर्नम रोडवर असलेले मणिभवन हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्या मालकीचे हे घर १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधींचे मुंबईतील निवासस्थान होते. १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाशी या घराचे नाव जोडले गेले आहे. ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे गांधीजींना अटक झाली, ती याच घराच्या गच्चीवर. १९५९ मध्ये भारतभेटीवर आलेले डॉ. मार्टिन ल्यूथर किंग या घरात राहिले होते.

तळमजल्यावर ग्रंथालय आहे. गांधीजींची खोली आणि त्यांच्या जीवनातील प्रसंग दाखविणारे छोटे देखावे दुसऱ्या मजल्यावर आहेत. ती खोली काचेआडून पाहावयाची असते. गादी, बैठे मेज, चरखे एवढेच तिचे वैभव. प्रेक्षक ज्यासाठी मुद्दाम येतो, ते सारे अशा रीतीने जिन्याच्या वरच्या टोकाला आहे. नियोजनाचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

अडचण कशात आहे?

जुनी वास्तू हीच मुळात एक जतन केलेली वस्तू असते. तिची भिंत फोडून उद्वाहक बसविणे किंवा जिना बदलणे सहजासहजी शक्य नसते, आणि अनेकदा इष्टही नसते. उतरत्या मार्गाचे गणितही समजून घ्यावे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १ः१२ पेक्षा तीव्र नसावा, असा सर्वमान्य संकेत आहे. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या एका पायरीसाठी १.८ मीटर लांबीचा उतार लागतो, तर तीन पायऱ्यांच्या ४५ सेंटिमीटर जोत्यासाठी ५.४ मीटरचा. रस्त्यालगतच्या घरापुढे एवढी जागा क्वचितच मिळते. अशा ठिकाणी वास्तूला धक्का न लावता ठेवता व उचलता येईल असा सुटा उतार उपयोगी पडतो. तथापि पायऱ्या अधिक असतील, तर त्यालाही मर्यादा पडतात.

निघण्यापूर्वी

भेटीचे यश बव्हंशी आदल्या दिवसांतील चौकशीवर अवलंबून असते. ‘दिव्यांगांसाठी सोय आहे काय?’ असा मोघम प्रश्न विचारल्यास ‘होय, आहे’ असे तितकेच मोघम उत्तर मिळते. म्हणून प्रश्न आकड्यांत विचारावेत :

१. प्रवेशद्वाराशी पायऱ्या किती व प्रत्येकीची उंची किती? कठडा एका बाजूस आहे की दोन्ही?
२. सर्वांत अरुंद दाराची रुंदी किती? (नव्या बांधकामात ९० सेंटिमीटर रुंदीची अपेक्षा असते. आपली खुर्ची घरीच मोजून ठेवावी.)
३. खुर्ची वळविण्यास सुमारे १५० सेंटिमीटरची मोकळी जागा आहे काय?
४. वरच्या मजल्यावर जाण्यास जिन्याखेरीज अन्य मार्ग आहे काय? मध्ये टेकण्यास जागा आहे काय?
५. स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे व तेथे खुर्ची जाते काय?
६. वाहन दारापर्यंत येते काय? गर्दी कोणत्या वेळी कमी असते?

मणिभवनाला जवळचे उपनगरी रेल्वे स्थानक ग्रँट रोड हे आहे. परंतु स्थानकातील पूल व गर्दी यांचा विचार करता, ज्यांना चालणे कठीण आहे त्यांनी वाहनाने दारापर्यंत येणेच श्रेयस्कर.

गरजा वेगवेगळ्या

सुलभता म्हणजे केवळ उतरता मार्ग नव्हे. दृष्टिहीन व्यक्तीला जिना अडवीत नाही, काच अडविते. तिच्यासाठी खोलीचे सावकाश, क्रमाने वर्णन करणारा सोबती हवा. शक्य तर तेथे जाण्यापूर्वी चरखा, पेळू, सूत या वस्तू हाती घेऊ द्याव्यात. कर्णबधिर विद्यार्थ्यांबरोबर खुणांची भाषा जाणणारा शिक्षक असावा, अन्यथा माहिती आधी लेखी द्यावी. वृद्धांना दर पंधरा-वीस मिनिटांनी बसता आले पाहिजे. ज्या मुलांना गोंगाट सहन होत नाही, त्यांच्यासाठी सकाळची शांत वेळ निवडावी.

जिना चढणे अशक्य असेल तर

हा निर्णय जिन्याच्या पायथ्याशी घेऊ नये. तो घरीच, आणि संबंधित व्यक्तीशी बोलून घ्यावा. चार जणांनी खुर्ची उचलून वर नेणे हा सद्भावनेचा मार्ग वाटतो. पण अरुंद जिन्यावर तो धोक्याचा आहे, आणि त्या व्यक्तीच्या संमतीवाचून केला तर अपमानाचाही. कोणी वर न जाण्याचे ठरविले, तर त्याला खाली एकटे बसवून बाकीच्यांनी वर जाणे म्हणजे सहल नव्हे. सर्वांनी तळमजल्यापासून एकत्र प्रारंभ करावा, वरच्या खोलीची चित्रे व माहिती तेथेच पाहावी, आणि मग गटागटाने वर जावे, म्हणजे खाली कोणी ना कोणी सोबतीस राहील.

भेटीचा दुसरा टप्पा सपाटीवर ठेवावा. मणिभवनापासून जवळच ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजे पूर्वीचे गोवालिया टँक मैदान आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘भारत छोडो’चा ठराव तेथेच संमत झाला. जिन्यावरचा इतिहास ज्याच्या वाट्याला आला नाही, त्यालाही येथे इतरांच्या बरोबरीने इतिहासाच्या भूमीवर येता येईल.

कायदा आणि कर्तव्य

१९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सांस्कृतिक जीवनात समान सहभागाचा हक्क मान्य केला आहे. सुलभतेचे किमान निकष केवळ शिफारशीवजा न राहता बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले. लहान संग्रहालयांच्या चालकांना अल्पखर्चात बरेच करता येईल. पायऱ्यांची संख्या व दारांची मापे दर्शनी फलकावर लिहिणे, प्रत्येक मजल्यावर एक बाक ठेवणे, वरच्या दालनांची छायाचित्रे तळमजल्यावर मांडणे आणि हाताळण्यासाठी एखादी प्रतिकृती ठेवणे यांसाठी एकही भिंत पाडावी लागत नाही.

मुंबईत आजारपणाने अंथरुणाला खिळलेले असताना आपल्या खोलीतील चरख्याच्या गुंजनाचा प्रकृती सुधारण्यास हातभार लागला, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. दुर्बल शरीराने काढलेल्या दिवसांची साक्ष देणारा हा वारसा आहे. शाळा, ज्येष्ठ नागरिक संघ व महिला मंडळे यांनी आपल्या पुढील सहलीचा आराखडा आखताना सर्वांत सावकाश चालणाऱ्या सभासदापासून प्रारंभ करावा. त्याच्या सोयीने आखलेली भेट उरलेल्यांना सुखाची होतेच. उलट क्रम धरल्यास मात्र कोणीतरी पायथ्याशी राहून जातो.