तिरपा सांताक्लॉज

नाताळच्या झाडावर टांगण्यासाठी आम्ही घरी मातीचा चपटा सांताक्लॉज केला. पोट गरगरीत, एक पाय नाचण्यासाठी बाजूला उचललेला. टोपीच्या शेंड्याला भोक पाडले, भट्टीत भाजून घेतला आणि टांगला. तर स्वारी कुशीवर कलंडली! भाजलेल्या मातीत नवे भोक पाडावे, तर तडा जाण्याची भीती. चूक कोठे झाली?

टांगलेली वस्तू स्थिर होते तेव्हा तिचा गुरुत्वमध्य टांगण्याच्या बिंदूच्या बरोबर खाली असतो. उचललेल्या पायामुळे आमच्या सांताचा गुरुत्वमध्य त्या बाजूला सरकला होता. भोक मात्र मध्यावरच राहिले.

तुम्ही असे करा. चिकणमाती सर्वत्र सारखी, सुमारे ६ मिलिमीटर जाड लाटा. पुठ्ठ्यातून सांताची आकृती कापा. ती कडेजवळ टाचणीवर सैल टांगा, त्याच टाचणीवरून ओळंबा सोडा आणि दोऱ्यालगत रेघ ओढा. दुसऱ्या एका बिंदूपासून टांगून पुन्हा रेघ ओढा. रेघा छेदतात तो गुरुत्वमध्य. आता आकृती हवी तशी उभी धरा आणि गुरुत्वमध्यातून सरळ वर रेघ काढा. ती वरच्या कडेला जेथे मिळते, त्याच्या जरा खाली, त्या रेघेवरच भोकाची जागा. पुठ्ठा मातीवर ठेवून सांता कापून घ्या व माती ओली असतानाच भोक पाडा. वाळताना व भाजताना माती आकसते, म्हणून भोक थोडे मोठे ठेवा.

आता सांगा पाहू : सांताच्या डाव्या हातात मातीच्या जाड गोळ्याची झोळी दिली, तर भोक कोणत्या बाजूला सरकवावे लागेल?